अध्यक्षांच्या भगिनी

एकोणीसशे अडुसष्ट साली आमच्या ग्लायडिंग क्लबला दहा वर्षं झाली आणि हँगरच्या भिंतीवर क्लबचा इतिहास रंगवून घ्यायचं ठरलं. ताईचा खरा संताप तिथून सुरू झाला. त्याआधीही ती रागीट होतीच, पण तो किरकोळ राग.

इतिहास सांगायचं काम अध्यक्षांनी, म्हणजे ताईच्या थोरल्या भावानं, दादासाहेबांनी, स्वतःकडे घेतलं होतं. पेंटर शिडीवर आणि दादासाहेब खाली. ताई दारात पोचली तेव्हा ते सांगत होते, "लिहा, पहिले उड्डाण : स्वतः अध्यक्ष."

"कुणी केलं म्हणालास?"

"अगं, म्हणजे क्लबनं. क्लब काय नि अध्यक्ष काय, एकच."

"त्या दिवशी क्लबच्या पोटात कळ आली होती, दादा. क्लब हँगरमागं जाऊन बसला होता. वर मी गेले होते."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंखांवरचं कापडही तिनंच घरच्या मशीनवर शिवलं होतं. पण दादासाहेबांनी ती हकीकत इतक्या समारंभांत स्वतःची म्हणून सांगितली होती, की वर किती गार वारा होता तेही आता त्यांना आठवायचं.

"पेंटर, तेवढी ओळ कोरी ठेवा," ते म्हणाले. "आधी फोटो काढू. फोटो लागला की वादच मिटला."

फोटोही पेंटरच काढी. दादासाहेबांनी टोपी घातली, चष्मा चढवला, पट्टे आवळले आणि उघड्या ग्लायडरच्या पुढच्या आसनावर बसले. त्यासरशी ग्लायडरचं नाक जमिनीला टेकलं.

"साहेब, चरायला सोडल्यासारखं दिसतंय," पेंटर म्हणाला.

"मागं वजन हवं. ताई, बस मागं. आणि डोकं खाली घाल, फोटोत येशील."

ताईच्या कानशिलांवरच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. पण दहा वर्षांच्या समारंभात चारचौघांपुढं तमाशा नको म्हणून ती मागच्या आसनावर बसली. सवयीनं पट्टे बांधले आणि गुडघ्यांत डोकं घातलं. तिथून ती जे पुटपुटत होती ते पेंटरला ऐकू गेलं, म्हणून त्यानं उगाच कॅमेरा पुसला.

"तो दोरही अडकवा," दादासाहेबांनी बायकोला फर्मावलं, "म्हणजे आत्ता उडणार असं वाटेल."

वहिनींनी दोर अडकवला. पेंटरनं पुन्हा मान तिरकी केली. उभं ग्लायडर नेहमी एका पंखावर कललेलं असतं, तसं तेही होतं. "साहेब, फोटो वाकडा येतोय."

"पंख सरळ धर गं," दादासाहेब म्हणाले.

"सरळ धरू?" वहिनींनी विचारलं.

"एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

वहिनींनी पंख उचलून सरळ धरला.

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंचवाले काका बसले होते. विंच म्हणजे दोर ओढणारं यंत्र. जुन्या ट्रकच्या इंजिनावर दोर गुंडाळायचा आणि ग्लायडर पतंगासारखं वर ओढायचं, हे त्यांचं काम. तिथवर हाक पोचत नसे, म्हणून क्लबात पहिल्या दिवसापासून एकच खूण होती. पंख सरळ झाला, की ओढायचं. काकांना पंख सरळ दिसला. त्यांनी ओढलं.

ताईनं डोकं वर काढलं तेव्हा झाडांचे शेंडे खाली गेले होते. तिनं मागच्या आसनापुढची, ग्लायडर वळवायची दांडी हातात घेतली, पुरेशी उंची आल्यावर दोर सोडला आणि ग्लायडर हँगरवर वळवलं.

ग्लायडरला इंजिन नसतं. त्यामुळे वरचं भांडण खाली स्वच्छ ऐकू येतं.

"ताई, खाली घे."

"वारा कसा आहे, दादा? त्या वेळेसारखाच गार आहे का?"

"अगं, मला गरगरतंय."

"पहिल्यांदा सगळ्यांनाच गरगरतं. पहिल्यांदाच ना?"

"हो, पहिल्यांदाच. आता तरी उतरव."

"मग त्या दिवशी वर कोण गेलं होतं?"

"तू गेली होतीस. तूच गं बाई. मी हँगरमागं होतो. आता उतरव, तुझ्या पाया पडतो."

खाली सगळा क्लब माना वर करून उभा होता. पेंटर मात्र शिडी चढला. त्याला एक कोरी ओळ भरायची होती.

ताईनं ग्लायडर अलगद टेकवलं. दादासाहेबांना दोघांनी धरून बाहेर काढलं. ताई धावत पंखापाशी गेली. "वहिनी, भोवळ आली असती त्याला. पंख सरळ केला की काय होतं, विसरलात?"

"वन्सं, दहा वर्षं पंख मीच धरतेय," वहिनी हात झटकत म्हणाल्या. "आणि मी विचारलं होतं त्यांना."

ताई विजयी मुद्रेनं हँगरमध्ये शिरली आणि तिथंच थबकली. पेंटरला तिचं नाव माहीत नव्हतं. भिंतीवर नुसतं ताई लिहिणं बरं दिसेना, म्हणून त्यानं लिहिलं होतं, "पहिले उड्डाण : अध्यक्षांच्या भगिनी." ऑइलपेंटमध्ये.

"तुम्हीही आमच्या घरच्यांच्याच वळणावर गेलात," ती एवढंच म्हणाली. पेंटरनं पुढं या क्लबचं काम घेतलं नाही. ग्लायडर उचललं गेलं त्याच क्षणी त्यानं काढलेला फोटो अजून कार्यालयात आहे. उडणारं ग्लायडर, दादासाहेबांचं वासलेलं तोंड आणि मागं कुणीच नाही.

विंचवाले काका निवृत्त होईपर्यंत एकच वाक्य बोलत राहिले, "पंख सरळ दिसला, मी ओढलं." वहिनी पुढच्याच वर्षी उडायला शिकल्या आणि नवऱ्याला पंख धरायला बोलवू लागल्या. अध्यक्ष बदलत गेले, आणि पाहुणे प्रत्येक नव्या अध्यक्षाकडे त्याच्या बहिणीची चौकशी करत. एकाला तर बहीणच नव्हती.

शेवटी ताईच अध्यक्ष झाली. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला विचारलं, "तुमच्या भगिनी हल्ली कुठे असतात?"

ताईनं रंगाचा डबा मागवला, पदर खोचला आणि शिडीवर चढली. खाली शिडीला धरून दादासाहेब उभे होते, काठी बगलेत मारून.

"किती अक्षरं आहेत गं अजून?" त्यांनी विचारलं.

"बोलू नकोस," वरून ताई म्हणाली. "सरळ धर. आणि डोकं खाली घाल, रंग ठिबकतोय."