एक बटण कमी

"धरा हो बाई ह्या बाजूनं," म्हणत हेडक्लार्क बन्सीधरकाकांनी नवाकोरा कीबोर्ड उपडा केला आणि त्याच्या पाठीत दणका घातला.

खंडेनवमीला कापसाच्या जिनिंगच्या कचेरीतल्या नव्या कॉम्प्युटरची पूजा झाली होती. बटणांखाली गेलेल्या अक्षता काढायच्या होत्या. जुना टाइपरायटर काका एकवीस वर्षं असाच झाडत आले होते. त्याचं एक अक्षर कधी हललं नव्हतं. इथं मात्र अक्षतांबरोबर बटणंही शेंगांसारखी फरशीवर सांडली.

"आवं, हे मशीन हाय का खेळणं?"

टायपिस्ट सत्यशीलाने आधी टेबलाखाली पाहिलं. पोरीला सांभाळणाऱ्या चतुराबाई झरी गावाला गेल्या होत्या, म्हणून दीड वर्षाच्या प्रज्ञाला आज कचेरीत आणावं लागलं होतं. सकाळपासून तिने लेकीवरची नजर हटू दिली नव्हती. हटली ती नेमकी दणक्याच्या वेळी.

वेचलेली बटणं जागच्या जागी दाबली, तर 'के'ची जागा रिकामीच. इकडे प्रज्ञाचं तोंड हलत होतं. ओठ लालभडक.

"काका, रक्त!"

तोंडात बोट घातलं, तर पोरीने ते कडकडून चावलं.

"गिळलं वाटतं. केळं चारा, घसरून जातंय!"

प्रज्ञाने दोन केळी खाल्ली आणि तिसऱ्यासाठी भोकाड पसरलं. रडता रडता तिला ठसका लागला. सत्यशीला तिला काखोटीला मारून अनवाणीच दवाखान्याकडे धावली. मागून धोतर सावरत काका.

डॉक्टरांनी कापसाने ओठ पुसले. "रक्त कुठलं? कुंकू आहे. अक्षता खाल्ल्यात हिनं."

"पण बटण, डॉक्टरसाहेब? एक्स-रे फोटो काढता का?" सत्यशीलाने विचारलं.

"प्लास्टिक फोटोत दिसत नसतं."

"तेच बोंबलून सांगायलोय मी!" काका म्हणाले. "जुन्या मशीनचं असतं तर दिसलं असतं. अन् मुळात निघालंच नसतं!"

"काका, गप बसा हो!" सत्यशीला म्हणाली. "अडकलं असंल तर?"

"ते आकारावर आहे. नेमकं केवढं होतं?"

ती बोटांनी दाखवायला गेली, पण प्रज्ञाने ती बोटंच धरली.

"थांबा, मी दाखवतो," काका पुढे सरसावले. हरवू नये म्हणून सगळ्यात आधी उचलून जपून ठेवलेलं बटण त्यांनी खिशातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे बघा, एवढं..."

त्यावर ठसठशीत 'के' होता.

सत्यशीला डॉक्टरांकडे बघत होती, डॉक्टर काकांकडे आणि काका फरशीकडे. बटणाकडे बघत होती एकटी प्रज्ञा.