शांत बोटाचं माप

"उजवा नको गो, डावा हात दे," सासूबाई म्हणाल्या.

आकांक्षाने मनूला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेतलं आणि डावा हात पुढे केला. ती नुकतीच मनूचे कपडे थंड पाण्यातून पिळून आली होती. हात गार पडले होते आणि बोटांच्या टोकांना सुरकुत्या आल्या होत्या. सासूबाईंनी पदराने बोट पुसलं, त्याभोवती गोधडी शिवायचा दोरा गुंडाळला आणि दातांनी तोडला.

माप नव्या अंगठीसाठी होतं. साखरपुड्याची मूळ अंगठी मनू पोटात असताना गेली होती. सातव्या महिन्यात आकांक्षाचं बोट सुजलं. साबण झाला, खोबरेल तेल झालं, शेवटी हेमचंद्रशेट सोनारांनी ती कापून काढली. तेव्हापासून तिचे दोन तुकडे काजळाच्या रिकाम्या डबीत पडून होते. आता धाकट्या दिराचा, राजेशचा, साखरपुडा पुढच्या रविवारी दादरला होता आणि कणकवलीहून सासऱ्यांची बहीण, आत्या, येणार होती. आत्याची नजर माणसाच्या तोंडाआधी सोन्याकडे जाते.

"तुझं बोट उघडं दिसलं की झालं," सासूबाई म्हणाल्या. "गावभर सांगेल, मोठीची अंगठी सासूने काढली आणि धाकटीला घातली. तुझा हितू पोटात असताना माझी काढली ती परत झालीच नाही, तेव्हा कोणी काय बोललं नाही. पण सुनेचं वेगळं असतं."

आकांक्षाला अंगठीचं विशेष काही नव्हतं. तिला झोप हवी होती. मनू आठ महिन्यांची झाली तरी रात्र सलग अशी मिळाली नव्हती. हल्ली ती उभ्या उभ्या, दुधावर लक्ष ठेवता ठेवता डुलकी घ्यायला शिकली होती. पण सासूबाईंचा चेहरा बघून तिने मान डोलावली.

लालबागच्या त्यांच्या टॉवरमधून बाहेर पडलं की समोरच हेमचंद्रशेटचं दुकान. इतकं जवळ की जाणं होतच नव्हतं. कधीही जाता येईल असं दुकान, त्यामुळे आधी मनू झोपलेली, मग उठलेली, मग ओली. शेवटी शेटनीच फोनवर सांगितलं, "काकू, माप घरीच घ्या आणि पाठवा. लग्नसराई आहे, मला खुर्चीतून उठता येत नाही."

दोऱ्याचं माप आलं अकरा नंबर.

"दोऱ्याने माप घेतात ते फुलांच्या हाराचं," नाना म्हणाले. आकांक्षाचे सासरे परळच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांच्याकडे अजून बारीक मापं घ्यायचा एक व्हर्निअर होता, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला. दुपारी आकांक्षा चपात्या लाटत असताना ते तो घेऊन ओट्याशी येऊन उभे राहिले.

"हलू नकोस."

"नाना, चपाती करपतेय."

"करपू दे. मापाला लावलेला जॉब हलला तर माप चुकतं."

जॉबने श्वास रोखून धरला. तव्याच्या धगीने बोट लाल होऊन टमटमलं होतं. नानांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला आणि जाहीर केलं, "पंधरा."

संध्याकाळी आकांक्षाचा नवरा हितेंद्र ऑफिसातून एक छापील कागद घेऊन आला. इंटरनेटवरून काढलेली मोजपट्टी होती ती. कापायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. ऑफिसच्या प्रिंटरने कागदात मावावी म्हणून ती जरा आखडती छापली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माप आलं एकोणीस.

"एकोणीस?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बोट आहे का मुसळ?"

"आई, सायंटिफिक आहे ते."

"असेल तुझं. माझा दोरा काय खोटं बोलतो?"

"दोरा खोटं बोलत नाही गो, ताणला जातो," नाना म्हणाले. "मी चाळीस वर्षं शाफ्ट मोजले, माझं माप..."

"शाफ्टला सासू नसते!"

एका बोटाचे तीन नंबर झाले. ज्याचं बोट होतं ती बाजूला मनूला वरणभात भरवत होती आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं. हितेंद्रने शेटना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"प्रिंटचं सोडा, ते कोणाचंच बरोबर येत नाही," शेट म्हणाले. "पण काकूंचं आणि नानांचं दोन्ही बरोबर असेल. बोट दिवसभर सारखं राहात नाही हो. थंड पाण्यात आकसतं, शेगडीपुढे फुगतं. बोट शांत झालं की माप घ्या."

"शांत म्हणजे?"

"म्हणजे बाई निवांत बसलेली पाहिजे. अर्धा तास हाताला काम नको. बस्स, एवढंच."

फोन बंद झाला. तिघांनी एकदम आकांक्षाकडे बघितलं. ती एका हाताने मनूचं नाक पुसत होती, दुसऱ्याने वाटी धरून होती आणि जमिनीवर सांडलेलं पाणी पायाने फडकं ओढत पुसत होती.

"अशी कधी बसते ही?" नानांनी विचारलं.

कोणालाच आठवेना.

शनिवारी सगळे घरी होते. आकांक्षाला खाटेवर बसवलं, हात उशीवर ठेवला. मनू हितेंद्रकडे, स्वयंपाक सासूबाईंकडे, घड्याळ नानांकडे.

"आकांक्षा, मनूचं ते पिवळं टोपडं कुठंय?" आतून हितेंद्र ओरडला.

ती उठली, कपाटातल्या तिसऱ्या खणातून टोपडं काढून दिलं आणि परत येऊन बसली.

"बोट बिघडलं," नाना म्हणाले. "परत पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा दारावरची बेल वाजली आणि ती सवयीने उठली. तिसऱ्यांदा कोणी हाक मारली नाही, बेल वाजली नाही, मनू रडली नाही. इतका वेळ काहीच झालं नाही म्हणजे नक्की काहीतरी झालं असणार, असं वाटून ती उठली.

"आता उठशील तर बघ!" नाना वर्कशॉपातल्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी आत जाऊन दम भरला, "हिला कोणी हाक मारायची नाही. टोपडं नाही सापडलं तर पोरगी तशीच राहू दे."

चौथ्यांदा ती बसली, टेकली आणि बसल्या जागी झोपली. तोंड किंचित उघडं, केसात नाचणीचा वाळलेला कण. सासूबाई दोरा घेऊन वाकल्या. नानांनी व्हर्निअर लावला. दोघांचंही तेरा आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं एखाद्या आकड्यावर एकमत होत होतं.

"उठवू?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"नको. एका मापावर जॉब कापत नाहीत. तासाभराने परत घेऊ."

तासाभरानेही तेराच आलं. तरी खात्रीसाठी त्यांनी आणखी एक तास थांबायचं ठरवलं.

अंगठी आली ती पुढच्या शनिवारी, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. आकांक्षा तेव्हा ओटीचे नारळ पुसत होती, त्याच हाताने मनूचं गाजर कुस्करत होती. तिने अंगठी घालून बघितली. ती सांध्यापाशी अडली आणि पुढे जाईना.

सासूबाई साबण शोधायला धावल्या. नाना शांत होते. "अंगठीत फॉल्ट नाही. बोट शांत नाही. नारळ खाली ठेव."

रविवारी सकाळी घर धावत होतं आणि आकांक्षा साडी नेसून खाटेवर बसून होती. अर्ध्या तासाने अंगठी अलगद आत गेली. हॉलवर सासूबाईंनी तिच्यावर डोळा ठेवला.

"ते ताट खाली ठेव!"

"आई, पेढे वाटायचेत."

"हितू वाटेल. तू बस. फुगशील!"

कणकवलीची आत्या हे सगळं बघत होती. शेवटी तिने सासूबाईंना बाजूला ओढलं. "सून काय गो तुझी, काडी हलवत नाय?"

"तिची अंगठी बघितलीस का नवीन?"

"बघितली. सासूने अंगठी काढून घेतली असती तर बरं होतं. तुझ्या सुनेने तर घरच काढून घेतलेलं दिसतंय."

सासूबाईंनी हसावं की रडावं हे ठरवायच्या आत आत्याने जाहीर केलं की ती डोळे तपासायला आठवडाभर लालबागलाच राहणार.

म्हणजे आठवडाभर अंगठी बोटात हवी. रात्री मात्र ती काढून ठेवायची, नाहीतर अडकून परत कापावी लागली असती. म्हणजे रोज सकाळी, आत्या आंघोळीला गेली की अर्धा तास आकांक्षा खाटेवर. हितेंद्र मनूला आंघोळ घालायला शिकला. नाना कुकरच्या शिट्ट्या मोजू लागले आणि भांडणाशिवाय भाजी चिरू लागले. टोपडी कुठल्या खणात असतात ते घरात तिघांना कळलं.

आत्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेटचा फोन आला. सासूबाईंनी हात पिठाचे म्हणून स्पीकर लावला.

"काकू, अंगठी घट्ट होते म्हणून हितू परवा भेटला तेव्हा सांगत होता. अहो, आधी बोलायचं ना! एक नंबर वाढवून देतो. पाच मिनिटांचं काम."

खाटेवर मनूजवळ आडव्या झालेल्या आकांक्षाने अंगठीचा हात उशीखाली सरकवला. खरं तर परवाच कणीक मळून झाल्यावर तिने अंगठी सहज घालून पाहिली होती आणि ती सुळकन आत गेली होती. बहुतेक झोप मिळाली की बोटांची सूजही उतरते. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"परवा कणीक मळून घालत होतीस ती मी बघितलीय गो," त्या हळूच म्हणाल्या. मग फोनकडे वळून मोठ्याने, "नको रे हेमचंद्र. माप अगदी बरोबर आहे. वाढवलीस तर सैल व्हायची."

"बरं. मग अजून काही?"

"आहे. अजून एक अंगठी करायची आहे. बोट जरा जुनं आहे, शांत व्हायला वेळ लागेल. माप मागून पाठवते."

त्यांनी हात धुतले, पुसले आणि भर सकाळी, स्वयंपाक अर्धा टाकून, पाय वर घेऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. आकांक्षाने पाय आखडून त्यांना जागा करून दिली.

नाना दारात आले. "हे काय? कणीक कोण मळणार?"

"व्हर्निअर आणा," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "पण घाई नाही."