ठिगळांची होडी

परबकाकांच्या होडीत बसायचं तर आधी खिसे उलटे करून दाखवावे लागत. होडी काही समुद्रात नव्हती. अंधेरीला आमच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेली होती, आणि तिला जवळचं पाणी म्हणजे गटाराचं. तरी झडती चुकत नसे. पोरं खेळायला चढली की काका एकेकाचे खिसे चाचपत, मनगटं बघत, गळ्यातला दोरा ओढून पाहत. गोट्या चालत, भोवरा चाले. तांबं दिसलं की पोरगं खाली.

"तांबा नडता माका," एवढंच म्हणत. कुणी फारच खोदलं तर ज्योतिषाने सांगितलंय म्हणत. तो ज्योतिषी एकदा दादरचा असे, एकदा कुडाळचा, आणि एकदा तर तो मेलेला होता.

आमच्या शेजारचे नाडकर्णी रक्तदाबासाठी तांब्याचं कडं घालत. होडीला टेकून गप्पा मारायची त्यांना हौस. काकांनी सांगितलं, "कडा काढा, नायतर तीन हात लांब उभे रवा." नाडकर्णी वर्षभर तीन हात लांबून बोलत राहिले. ओरडावं लागायचं म्हणून रक्तदाब वाढला, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

नारळी पौर्णिमेला कोपऱ्यावरचे भटजी पूजेला आले, ते तांब्याचं ताम्हन आणि पळी घेऊन. काकांनी दोन्ही दारातच ठेवून घेतली आणि स्टीलची वाटी आणि प्लॅस्टिकचा मग पुढे केला.

"अहो, वरुणाला प्लॅस्टिक चालत नाही," भटजी म्हणाले.

"त्याका अख्खो माणूस चालता," काका म्हणाले. "ह्या पण चालतला."

भटजींनी मगात पाणी घेतलं. अख्खा माणूस म्हणजे कोण, ते सगळ्यांना माहीत होतं.

काका पूर्वी विमानांच्या दुरुस्तीत रिबिट, म्हणजे रिव्हेट, मारून पत्रे जोडायच्या कामावर होते. तिथून सुटल्यावर मनोरीला एका शेठकडे लागले. शेठच्या चार अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या होत्या. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना खाडीत फिरवून आणायच्या. चालवायला मनोरीचाच पास्कल, आणि डागडुजीला काका. एका रविवारी भर खाडीत होडीत खालून पाणी आलं. पाहुणे घाबरून एका बाजूला गोळा झाले आणि होडी उलटली. पास्कलने सगळ्या पाहुण्यांना बाहेर काढलं. तो स्वतः होडीखाली सापडला.

"माझो रिबिट सुटलो," काकांनी पोलिसांना सांगितलं, शेठला सांगितलं, पास्कलच्या घरी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. शेठने त्यांना काढलं, आणि ही अवदसाही घेऊन जा म्हणाला. टेम्पोतून होडी चाळीत आली. नीट करून पास्कलच्या भावाला द्यायची, हे काकांनी ठरवून टाकलं. घेईल का तो, असं मी विचारलं. "नाय घेतल्यान तर शिव्या घालीत," ते म्हणाले. "ते तरी गोड मानून घेऊक होये."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील गोदीत ओझी उचलायचे. मी बी.एस्सी. झालो, रसायनशास्त्र घेऊन, आणि रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. त्यामुळे काकांचं ते तांब्याचं खूळ मला सहन होत नसे. रविवारी मी त्यांच्या मदतीला जाई, कारण रिबिट मारायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून हातोडी मारायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा धरून मी त्यांना अंधश्रद्धेवर व्याख्यान देई. ते म्हणत, "ठोकळो हलवू नको."

होडीचा रंग खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, पिवळा प्रायमर लावायचा, आणि नळाला पाणी आलं की होडी भरून बाहेरून गळती शोधायची. "आधी पाणी होडीत, मगे होडी पाण्यात," हा त्यांचा नियम. नळावर रांगेत उभ्या असलेल्या बायका त्यांना काय काय म्हणत, ते इथे लिहीत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला कळत नव्हती. काका होडीला ठिगळं लावत, ती कुठेही. हा हा म्हणता होडीची गोधडी झाली. एकदा मी ठिगळ लावायच्या आधी बोटाने पत्रा ठोकून बघितला. ठणठणीत होता.

"काका, हा चांगला आहे."

"आसू दे."

"मग चांगल्याला ठिगळ कशाला?"

"तुझा काय जाता?"

मी आतून एकेक ठिगळ तपासत गेलो. सगळ्यांखाली धड पत्रा. फक्त मधल्या फळीखालच्या ठिगळाच्या कडेला पांढरी भुकटी होती, आणि पत्रा गोल खाल्लेला. नाण्याएवढा गोल. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अ‍ॅल्युमिनियमला तांबं टेकलं आणि मध्ये खारं पाणी असलं की ती बॅटरीच होते, अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. हे तर मी पहिल्या वर्षाला शिकलो होतो.

"काका," मी ओरडलो, "ज्योतिषी कसला, हे तर तांब्याने..."

पुढचं बोलता आलं नाही. पॉलिश पेपर धरलेला त्यांचा हात माझ्या तोंडावर आला. काकी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मेल्या, हळू," ते म्हणाले. आणि मग हातोडी उगाच वाजवत वाजवत, आवाजाच्या आड, त्यांनी मला सांगितलं. काका कोकणातले असून त्यांना पोहता येत नव्हतं, आणि दुरुस्तीच्या कामाला ते याच होडीतून खाडीत जात. म्हणून काकींनी गावच्या देवीपुढे ठेवून आणलेला तांब्याचा भोकाचा पैसा त्यांच्या नकळत मेणाने त्या फळीखाली चिकटवला होता. होडी वाळूवर ओढली तेव्हा काकांना तो पत्र्याच्या भोकाशी सापडला. घरच्या देव्हाऱ्यातला, ओळखीचा. पोलीस येत होते. काकांनी तो तोंडात टाकला.

"पंचनाम्याक मी बोबडो बोललंय. घाबरलोहा, असा वाटला त्यांका. मगे खाडयेत थुकलंय."

"काकींना माहीत नाही?"

"त्याच जागेर ठिगळ दिसला तर वळखात, म्हणान सगळीकडे लायलंय. तिका कळला तर ती जगाची नाय." हातोडी थांबली. "तू शिकलेलो. तुका गप ऱ्हवाक जमतला?"

मी गप्प राहिलो. पण एका मंगळवारी मला सुट्टी होती आणि मी ठोकळा धरायला गेलो. काकी पाट घेऊन होडीजवळ येऊन बसल्या. अपघातापासून त्या मंगळवारचा कडक उपास करत, पाणीसुद्धा संध्याकाळी. काका होडीच्या पलीकडच्या अंगाला होते. काकी खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "तू शिकलेलो आसस. एक खरा सांग. मी ह्या होडयेत देवीचो पैसो ठेयललंय. ह्यांका ठावक नाय."

मी ठोकळा पत्र्यावर दाबून धरला.

"गावची म्हातारी सांगी होती, चांदयेचो ठेव. माझ्याकडे तांब्याचो होतो, तोच लायलंय. देवीक कमी पडलो तो. चांदयेचो असतो तर पास्कल वाचलो असतो काय रे?"

चांदीने पत्रा अजून लवकर खाल्ला असता. हे मला येत होतं. पलीकडची हातोडी थांबली होती.

"नाही काकी," मी म्हणालो. "पैशाचा काही संबंध नाही. रिबिट सुटला."

"रिबिट, रिबिट." काकींनी मान झटकली. "ह्यांच्या हातचो रिबिट आयुष्यात कधी सुटलो? विमानां उडवली ह्यांनी. माझा काहीतरी चुकला, म्हणान ह्यांच्या हाताक अपेश इला."

पलीकडे खट् असा एकच आवाज झाला. मी होडीच्या कडेवरून बघितलं. काकांनी आदल्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून बसवलेल्या रिबिटाचं डोकं छिन्नीने उडवलं होतं. छिन्नी त्यांनी पायाखाली सरकवली.

"गो, हयसर ये," त्यांनी हाक मारली.

काकी उठून गेल्या. काकांनी अंगठ्याने दाबलं, रिबिट आतून सुटून पडला. त्यांनी तो उचलून काकींच्या तळहातावर ठेवला.

"आठ दिवस नाय झाले लावून. बघ. असोच तो सुटलो."

काकींनी रिबिट फिरवून पाहिला. मग नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ.

"म्हातारे झालात," त्या म्हणाल्या.

"झालंय."

"माका आधी सांगूक नाय."

"लाज वाटली."

काकी पदराने त्यांचे हात पुसू लागल्या, एकेक बोट. मग विचारलं, "तुमका भात लावू?"

"आपल्या दोघांका लाव," काका म्हणाले.