पोट असलेला आवाज

वाघमारे सर आमच्याकडे आले की बेल वाजवतात, आणि मी दार उघडलं की ओरडतात, "उघडू नकोस! लाव, लाव परत!"

मी दार लावते. ते पुन्हा बेल दाबतात. गॅसवर दूध असतं, पण मी कडीला हात लावून गप उभी राहते. तिसऱ्यांदा बेल. मग बाहेरून निकाल येतो, "झकास आहे गं मीनल, पण पोट नाही हिला!"

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत सरांनी पोट तपासलेलं नाही अशी एकही बेल उरलेली नाही. तळमजल्यावर आमचे सेक्रेटरी शहाभाई राहतात. त्यांची बेल आरती म्हणते. सरांनी ती दारात हात जोडून शेवटपर्यंत ऐकली, म्हणून शहाभाई प्रसादाला पेढा शोधायला आत गेले. पेढा खाऊन सर म्हणाले, "भक्ती आहे, पोट नाही."

सर मूळचे परभणीकडचे. सगळी नोकरी इथल्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक नॅशनल पार्कात फिरायला जायला लागतात. सरांनी सोल्डरिंगचं मशीन आणलं, बाल्कनीतल्या कुंड्या आमच्याकडे पाठवल्या आणि तिथे टेबल मांडलं. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे कुंड्यांपाठोपाठ सरही आमच्याकडे यायला लागले. एक दिवस तळहातावर बिस्किटापेक्षाही लहान हिरवी पाटी घेऊन आले.

"हा मायक्रोकंट्रोलर. अख्खा कॉम्प्युटर आहे यात. याच्यापासून मी घरची बेल करणार."

"सर, बेल बाजारात मिळते की."

"मिळते. मला पाहिजे ती मिळत नाही."

अडचण एवढीच होती, की त्या पाटीला आवाज नव्हता. तिला डोकं होतं, गळा नव्हता. कुठला गळा लावायचा, या एका प्रश्नाने सरांनी आमच्या मजल्याचा सगळा उन्हाळा खाल्ला.

पहिल्यांदा आला बझर. रुपयाएवढी चकती, दोन वायरी. सरांनी तो लावला आणि तो असा किरकिरला म्हणता, की माझा नवरा नितीन अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला. "सर, डोक्यात सुई गेल्यासारखं वाटलं!"

सर खूश झाले. "बरोब्बर! सुई आहे. मला सुई नकोय, मला उशी पाहिजे."

मग त्यांना वाटलं, मधे काही नकोच, स्पीकरच थेट पाटीला जोडू. जोडला. एकदा 'फट्' झालं, जळका वास सुटला आणि पाटीने देह ठेवला. "लालचीपणा झाला माझा," सर म्हणाले. "एवढासा जीव तो, त्याच्याकडून मी ट्रक ओढून घेत होतो. मधे अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे होता." दुसऱ्या दिवशी नवी पाटी हजर.

पुढचा प्रयोग समजावताना तर त्यांच्यातला मास्तर पुरता जागा झाला. आमच्या डायनिंग टेबलावर पोह्यांच्या बशा सरकवून त्यांनी मिठाने आकृती काढली. "या पाटीच्या पिनेला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. पण ती हे इतक्या भराभर करते, की सरासरी काढली तर लाट तयार होते. सरासरी कोण काढणार? हा रेझिस्टर आणि हा कपॅसिटर. गढूळ पाणी वाळूतून सोडलं की कसं निवळतं? तसं!"

पाणी निवळलं, पण पुरतं नाही. बेल 'टिंग' म्हणायची आणि तिच्या मागे कुणीतरी 'स्स्स' करत राहायचं. "कुकर लावलाय का?" नितीनने विचारलं. सरांनी ते गाळणं पुन्हा पुन्हा बदललं. मग एके दिवशी जिन्यात पळत आले, चष्मा कपाळावर, अंगात नुसतं बनियन, हातात नखाएवढी आणखी एक पाटी.

"मीनल! नितीन! सापडलं! हिला नुसते आकडे द्यायचे, आवाज ही स्वतः बनवते आणि अ‍ॅम्प्लिफायरही हिच्यातच! गाळणं नको, काही नको!"

आम्ही धावलो. खरं सांगते, एव्हाना आम्हालाही नाद लागला होता. सरांनी बटण दाबलं आणि छोट्याशा स्पीकरमधून अशी गोड, स्वच्छ घंटी निघाली की माझ्या अंगावर काटा आला. मागे सुस्कारा नाही, काही नाही. नितीनने शिट्टी मारली. "सर, जिंकलात!"

सरांनी मात्र घराच्या आत बघितलं. स्वयंपाकघरात वाघमारे काकू पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या. थापतच राहिल्या.

"पोट नाही," सर म्हणाले आणि त्यांनी स्पीकर उपसून काढला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो सर, याहून चांगलं काय असणार? किती गोड वाजतंय!"

"गोड नकोय मला!" सर ओरडले. सर कधी ओरडत नाहीत. ते लगेच वरमले, "चल जरा," म्हणाले आणि मला जिन्यात घेऊन गेले. दोन पायऱ्या उतरून खालीच बसले.

"तुझ्या काकूला बारीक आवाज ऐकू येत नाहीत गं. हळूहळू गेले. आधी कोकिळा गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोन. जाड आवाज येतात. माझं बोलणं येतं, ट्रक येतो, ढोल येतो. बाजारातली प्रत्येक बेल नेमकी बारीक."

"मग कानाच्या डॉक्टरांकडे..."

"एकदा विषय काढला होता. दोन दिवस जेवली नाही. म्हणाली, म्हातारी ठरवताय मला. तिच्या आईला बहिरी म्हणून लोक हसायचे, ते तिने लहानपणी बघितलंय. म्हणून मी ठरवलं, आपणच वेडे होऊ. म्हातारा बेलांच्या नादी लागलाय म्हटलं की कुणी तिच्याकडे बघत नाही."

मी म्हटलं, "पण सर, तुमच्याकडे किल्ली आहे ना?"

"आहे की. रोज तीच लावतो." सर हसले. "चाळीतल्या खोलीपासून आजवर दार हिने उघडलंय. मी बेल वाजवायची, हिने 'आले, आले' करत यायचं आणि उशीर झाला म्हणून बोलायचं. आता किल्लीने आत शिरतो, तर लॉजवर उतरल्यासारखं वाटतं बघ."

त्यानंतर मी गळ्यांबद्दल अक्कल पाजळणं बंद केलं आणि मदतीला लागले. नखाएवढी पाटी चांगलीच होती, तिला छाती तेवढी हवी होती. नितीन ऑफिसमधून येताना जुन्या म्युझिक सिस्टीममधला ताटलीएवढा स्पीकर घेऊन आला. त्याला लाकडी पेटी हवी, म्हणून सरांनी काकूंच्या शिलाई मशीनचा खण पळवला. काकू दोन दिवस रिळं हातात घेऊन घरभर फिरल्या. "काहीतरी पुटपुटतात आणि वस्तू गायब करतात," त्यांनी माझ्याकडे तक्रार केली. मी मान हलवली.

रविवारी सकाळी पेटी दारावर चढली. काकू आत भाजी चिरत होत्या. सर पिशवी घेऊन खाली गेले आणि अंडी घेऊन आल्यासारखे वर आले. मी आणि नितीन आमच्या दाराच्या फटीत. सरांनी शर्ट नीट केला. बटणापर्यंत गेलेला हात एकदा मागे आला. मग त्यांनी दाबलं.

डूंऽऽऽ!

जिन्याचा कठडा थरथरला. आमच्या मांडणीतली ताटं किणकिणली. खालून शहाभाई ओरडले, "अरे, शु थयु? वाट लागली का बिल्डिंगची?"

सर हलले नाहीत. दाराकडे बघत राहिले. आतून काही नाही. नितीनने माझा दंड घट्ट धरला होता. मग विळी सरकवल्याचा आवाज आला, आणि बांगड्या, आणि "आले, आले!"

कडी निघाली. काकूंच्या हाताला कोथिंबीर चिकटली होती.

"काय हो हे? केवढ्याने वाजवता? मी काय बहिरी आहे?"

"नाही गं," सर म्हणाले. "चुकलं माझं."

"आणि एवढा उशीर? अंडी आणायला गेला होतात की कोंबडी पाळायला?"

सरांनी चप्पल काढली आणि पायपुसण्यावर पाय पुसायला लागले, एक झाला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. काकू बोलतच होत्या. मी हळूच आमचं दार लावून घेतलं.