वेंडेलजींची चष्मामुक्तीची मोहीम

श्री.

सुज्ञांनीं सावध चित्तें ऐकावें. मूर्खांस सांगून उपयोग नाहीं, हें या हकीकतीनेंच सिद्ध होईल. सस्कॅचवान प्रांतीं मौजे विलो बेंड येथील घरेंजमिनींचे दलाल, पन्नाशीस टेकलेले, अखंड अत्तरमंडित राजमान्य राजेश्री वेंडेल प्रोकोपचक यांणीं आपलेच दोन डोळ्यांवर स्वारी केली, तिचा मजकूर ऐसा जे. लिहिणार आम्ही, कर्लिंग म्हणोन बर्फावर घडीव धोंडे सरकवून नेमके वर्तुळांत बसविण्याचा जो खेळ, त्यांत त्यांचे धोंड्यापुढें बर्फ झाडणारे शिलेदार. अर्थात जें पाहिलें तें वांकून पाहिलें.

खासे वेंडेलजी संघाचे सरदार म्हणोन बर्फाचे पैल टोंकास उभे राहत आणि हुकूम सोडीत, आणि आम्ही हुकुमाबरहुकूम झाडीत असूं, जेणेंकरून धोंडा लांब आणि सरळ जाई. परंतु चष्म्यावर गारठ्यानें वाफ धरे, आणि चष्मा काढिल्यास धोंडा कोणता आणि बूट कोणता हें यांस उमजेना. गतसालीं अखेरचे सामन्यांत आपला धोंडा जिंकून बसला असतां यांस तो मागें पडलेला दिसला, आणि मग यांणीं दुसरा धोंडा फेंकवून आपलाच मोहरा बाहेर घालविला. शिव शिव! प्रेक्षकांतून आरोळी उठली, "अरे वेंडेल, वाट दाखवायला कुत्रा आणून देऊ का?"

मग पिरोगीचे, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचे, मेजवानींत मसलत जाहली कीं सरदारी काढून यांची पत्नी लोर्नाबाई, संघांतील दुय्यम, यांस द्यावी. वेंडेलजींचा पारा चढला. टेबलावर मूठ आपटून गर्जले, "लेझर करून येतो! यापुढे या नाकावर चष्मा दिसला, तर सरदारी लोर्नाची आणि झाडू माझा!"

लोर्नाबाई पिरोगीवर आंबट साय वाढीत म्हणाल्या, "सगळ्यांनी ऐकलंय हं."

सस्कटून शहरीं डॉक्टर फ्रीसेनबाईंनीं समजाविलें कीं, अतिनील किरणांची तोफ ठोक्याठोक्यानें डोळ्यावरील पारदर्शक पडदा कोरून नवे घडणीचा करील. परंतु मोहिमेचे दिवशीं अत्तर लावूं नये, त्याची वाफ किरणांचा जोर मोडिते. आणि या वयांत दूरचें साफ दिसूं लागलें तरी जवळचें वाचावयास चष्मा लागेल, हेंही बजाविलें. वेंडेलजी "हो हो, कळलं" म्हणत भिंतीवरील आरशांत भांग न्याहाळीत होते. कान दोन, आणि दोन्ही शोभेचे!

मग हिमवादळांतून लोर्नाबाईंस आणि आम्हांस ट्रकांत घेऊन स्वारी निघाली, आणि शुभकार्य म्हणोन अत्तर ओंजळीनें घेतलें. दवाखान्याचे दारींच परिचारिका नाक धरून ओरडली, "अहो, अंघोळ केलीत का अत्तरानं? आज काही होत नाही, घरी जा." स्वारी शिकस्त खाऊन माघारीं वळली, आणि लोर्नाबाईंनीं वादळांतही ट्रकाची खिडकी विलो बेंडपर्यंत उघडी ठेविली.

दुसरे स्वारीस यांचें एकूणएक वस्त्र सुगंधी निघालें, सबब मेहुण्याचा गोठ्यांतील कोट चढवावा लागला. परिचारिकेनें हुंगून निकाल दिला, "गाय चालेल." मग थेंब घालून डोळे बधिर केले, वरचा पापुद्रा उलटिला, आणि तोफेनें टकटक मारा चालविला, आणि करपल्या केसांसारखा वास सुटला. आमचे सरदार कांपऱ्या आवाजानें पुसते जाहले, "बाई, हे माझंच जळतंय का हो?"

"तुमचंच. हलू नका."

तेवढ्या घटकेपुरती आम्हांसही त्यांची कीव आली. पुढें गेली.

पुढील हिंवाळ्यांत अखेरचे सामन्यांत पैल टोंकाचे धोंडे यांस लख्ख दिसले, हुकूम बिनचूक सुटले, आणि शत्रू नामोहरम होऊन कॉफी पीत बसला. मग रिवाज ऐसा जे, विजयी सरदारानें चषकावर कोरिलेलीं जुन्या विजेत्यांचीं नांवें मोठ्यानें वाचावीं. त्यांत वेंडेलजींचे कैलासवासी तीर्थरूपांचें नांवही होतें. वेंडेलजींनीं चषक नाकाशीं धरिला, मग छातीशीं, मग हात ताणवेल तितका ताणिला. अक्षर लागेना.

मागून कोणी पुकारिलें, "चषक लांब पार्किंगमध्ये नेऊन धरू का रे?" सभा खदखदली. लोर्नाबाईंनीं पर्समधून आपला गुलाबी चष्मा काढून निमूट पुढें केला. इकडे आड, तिकडे विहीर. वाचावें तर सरदारी जाते, न वाचावें तर बापाचें नांव गिळलें म्हणोन गांव तोंडांत शेण घालील. वेंडेलजींनीं एकवार आमचेकडे पाहिलें, आणि मग चष्मा चढविला, आणि सर्व नांवें वाचिलीं, आणि बापाचें नांव इतक्या मोठ्यानें वाचिलें कीं हंसणारे गप्प जाहले.

मग लोर्नाबाई हळूच वदल्या, "वेंडेल, नाकावर काय आहे रे?"

येणेंप्रमाणें चष्मामुक्तीची मोहीम फत्ते जाहली. त्याचा दाखला म्हणोन गुलाबी चष्म्यांतील विजयी वीराची तसबीर क्लबाचे भिंतीवर लाविली आहे. सांप्रत वेंडेलजी आमचे शेजारीं वांकून बर्फ झाडितात, अत्तराचा दरवळ पूर्ववत आहे. पैल टोंकावरून लोर्नाबाईंचा हुकूम सुटतो, "झाड, वेंडेल, झाड!" आणि धोंडा नेमका जागीं जाऊन बसतो.