आधी मशीन, मग भाषण

"आधी मशीन वाटू, मंग तुम्ही भाषण करा," अर्शिया म्हणाली. "मला एकच्या गाडीनं संभाजीनगरला वापस जायचंय."

शौर्यसोबती माजी सैनिक संघाचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार तातेराव यांना हे मुळीच पटलं नाही. संघाच्या अकरा वर्षांत भाषणाच्या आधी कुणाला काही मिळालेलं नव्हतं. काठी असो की चष्मा, अध्यक्षांना तासभर ऐकल्याशिवाय तो हातात पडत नसे. पण कानाला मशीन बसवून देणारी अर्शिया एकटीच होती, आणि वाटपाचे फोटो तर हवेच होते. त्यांनी नाइलाजानं मान हलवली.

मुनीरचा नंबर तिसरा लागला. तोफखान्यात सोळा वर्षं काढल्यामुळे त्याचे दोन्ही कान कामातून गेले होते. मशीन बसलं तशी आधी पंख्याची खडखड ऐकू आली, मग शेजारी बसलेल्या बायकोचा, मैमूनाचा आवाज.

"सुनाई दे रहा क्या?" ती नेहमीसारखी ओरडली.

"आ रहा. आहिस्ता बोल," मुनीर म्हणाला. मैमूनाला नवऱ्याकडून हे ऐकायची सवयच नव्हती.

मग अध्यक्ष उठले. मंचावर त्यांच्या शेजारी भोकरदनच्या झुंबरबाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा मच्छिंद्र कारगिलच्या लढाईत गेला. जखमी मच्छिंद्रला पाठीवर घेऊन डोंगर उतरला होता तो मुनीर, आणि मच्छिंद्रनं जीव सोडला तोही त्याच्याच पाठीवर. संघ निघाला तेव्हा मुनीरनं हे सगळं, मच्छिंद्रच्या शेवटच्या शब्दांसकट, तातेरावांना बसून सांगितलं होतं. "मला बोलता येत न्हाई, ऐकायलाबी येत न्हाई. तुम्ही बाईला बराबर सांगा," असं म्हणाला होता. तेव्हापासून दर वर्षी भाषणात झुंबरबाई डोळे पुसत, अध्यक्ष मुनीरकडे हात करत, आणि मुनीर उभा राहून कडक सलाम ठोकत असे. निरोप पोहोचला, याचं त्याला समाधान होतं.

"बर्फ पडत होता," तातेराव माईकवर म्हणाले. "गोळे पडत होते. मी मच्छिंद्रला पाठीवर घेतलं."

मुनीरनं कानातलं मशीन चाचपलं.

"मच्छिंद्र म्हणाला, तातेराव, माझी शेवटची इच्छा आहे. जिल्ह्यात माजी सैनिकांचा संघ काढा, आणि अध्यक्ष तुम्हीच व्हा! साक्षीदार आहेत आमचे मुनीरभाई!"

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मुनीर उठला, पण सलामाला हात वर गेला नाही.

"तुम्ही कुठं होते तिथं?" तो म्हणाला. "तुम्ही तर तवा पुण्याला कांबळी मोजून राह्यले होते."

टाळ्या थांबल्या. आपण हे मोठ्यानं बोललो, हे मुनीरला स्वतःच्याच आवाजावरून कळलं.

अध्यक्ष हसले. "नवीन मशीन आहे. मुनीरभाईंना भलतंच ऐकू येऊन राह्यलं. मॅडम, बघा जरा, बिघाड दिसतोय."

"मशीन आहे तेवढाच आवाज मोठा करतं, सर," अर्शिया बॅग भरता भरता म्हणाली. "आपल्या मनानं काही घालत न्हाई."

झुंबरबाई खुर्चीवरून उठल्या. दर वर्षी मोसंबीची एक गोणी त्या तातेरावांच्या दारात उतरवत आल्या होत्या. "मुनीरभाऊ," त्या म्हणाल्या, "जाताना काय म्हणले हो ते?"

मुनीर अडखळला. भरल्या सभेत सांगण्यासारखं ते नव्हतंच. "भाभी, तो म्हणला, झुंबरला सांग, पिठलं दर टायमाला खारट करायची. तरी मी दोनदा मागून घ्यायचो."

कुणीतरी फिसकन हसलं. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि पदराआडून त्याही हसल्या. बराच वेळ हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे माझं माणूस बोललं. इतकी वर्षं कोण परका बोलत होता, मला कळतच नव्हतं. मरताना कुणी संघ काढा म्हणतं का?"

"पिठल्याचं मीही सांगणारच होतो," तातेराव माईकमध्ये म्हणाले. "वेळेअभावी राहून गेलं."

झुंबरबाई मंचावरून उतरल्या. गळ्यातला हार त्यांनी खुर्चीवरच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: "अध्यक्षांच्या थरारक आठवणींनी सभागृह गहिवरले, वीरपत्नीने मानले जाहीर आभार." मजकूर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच छपाईला गेला होता. तातेरावांनी कात्रण संघाच्या ग्रुपवर टाकलं. सभेत सगळं आपल्या कानांनी ऐकलेल्या चौदा जवानांनी पाच मिनिटांत "अभिनंदन साहेब" पाठवून दिलं. चौघांनी फुलंही पाठवली.

मुनीर आणि मैमूना तेव्हा भोकरदनला झुंबरबाईंच्या ओसरीवर बसले होते. मच्छिंद्रनं रजेच्या अर्जात जिवंत सासऱ्याला तीन वेळा कसं मारलं, ते मुनीर सांगत होता, आणि झुंबरबाई म्हणत होत्या, "तिसऱ्यांदा कशानं मेले, ते तर सांगा."