करंजघोड्याची विनंती बदली

विषय : मौजे कासारमुरी येथील करंजघोडा या डोंगराने केलेला बदलीचा विनंती अर्ज.

उपरोक्त विषयी वस्तुस्थिती अशी, की करंजघोडा हा डोंगर पहिल्यापासून एकाच ठिकाणी कार्यरत आहे. दुर्गम क्षेत्रात तीन वर्षे काढली की विनंती बदलीस पात्रता येते. डोंगर या अटीत बसतो, हे कार्यालयाने फारशी खळखळ न करता मान्य केले. पसंतीचे ठिकाण म्हणून त्याने तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरची मोकळी जागा मागितली होती. तिथे माणसे दिसतात, असे त्याचे म्हणणे.

कारणे सविस्तर दिली होती. एके काळी त्याच्या खिंडीतून मिठाचे बैल वर जात. खाली जकातीची चौकी होती. माथ्यावर शिबंदी असे आणि ती आपापसात भांडत असे. डोंगराला त्या भांडणांची फार सवय झाली होती. पुढे गाडीरस्ता दुसऱ्या अंगाने निघाला. बैल गेले, चौकी गेली, शिबंदी गेली. मग धनगरवाड्यातली घरेही एकेक करून खाली उतरली. आता एकच चूल पेटते, ती ठकूबाई येडगे यांची.

अर्जदार कार्यालयात येऊ शकत नसल्याने सुनावणी त्याच्यावरच ठेवली. नायब तहसीलदार हिरेमठ साहेब धापा टाकत वर पोहोचले. टिपण घ्यायला कारकून म्हणून मी होतो. ठकूबाईंचे म्हणणे ऐकणे भाग होते, कारण डोंगर गेला की त्याच्या कुशीतला झराही जाणार, आणि त्यांचे व त्यांच्या शेळ्यांचे सगळे पाणी त्याच झऱ्याचे.

"आजी, तुमची काही हरकत?" साहेबांनी विचारले.

"थांब रं सायबा. आधी ह्याला इचारू दे." ठकूबाई कड्याकडे वळल्या. "का रं ए थोरल्या? लेक दर साली न्यायला येतो. म्हणतो, आये, खाली चल, दारात नळ हाय. मी म्हणते, न्हाई बाबा, हा एकटा पडंल. आन् तू गुपचूप अर्ज टाकतोस?"

डोंगर म्हणाला, "तू आज ना उद्या जाणारच. शिबंदी गेली तेव्हा कुणी 'येतो' म्हणूनसुद्धा सांगितलं नाही."

"मी काय शिबंदी हाय व्हय?"

"मग मिटलंच की," साहेब म्हणाले. "अर्ज मागे घेताय ना?"

"मागं कशाला?" ठकूबाईच मधे म्हणाल्या. "माझंबी नाव घाला त्यात. दोघं जाऊ. स्टँडवर शेळ्यास्नी पाला मिळतो का, तेवढं बघा."

साहेबांनी नियम चाळले. पती-पत्नी एकत्रीकरणाचे कलम त्यांनी मोठ्याने वाचले, तेव्हा ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि कड्यावरून दोन धोंडे घरंगळले. अखेर 'अवलंबून असलेली व्यक्ती' या सदरात प्रकरण बसवले. कोण कोणावर अवलंबून, हा रकाना उभयतांच्या संमतीने कोरा सोडला.

बदली तत्त्वतः मंजूर झाली. मात्र बदली डोंगर रुजू झाल्याशिवाय जुन्यास कार्यमुक्त करता येत नाही, कारण मधल्या काळात ढग अडवायला कोणीतरी लागते. त्यानुसार इतर डोंगरांकडे विचारणा केली. बहुतेकांनी प्रकृतीचे कारण दिले. एकाने, आपल्यावर अलीकडेच रोपवे झाला असून मन रमले आहे, असे कळवले. खडीच्या खाणीने निम्मी खाल्लेली एक टेकडी तेवढी तयार झाली. तिची अट एकच : जागेवर निदान एक माणूस वस्तीला हवे. आपण एकटीने राहणार नाही.

ही अट ठकूबाईंना वाचून दाखवली.

"बाईचं बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि बांधलेल्या गाठोड्यावर बसून राहिल्या.

डोंगर तूर्त मूळ जागी आहे. अर्ज प्रलंबित आहे.